भिंतीवरचे चार आठ
तुर्कस्तानच्या जनतेने बंदी मोडली, त्याला आम्ही चोरी म्हणत नाही. सरकारच्या भ्रष्टाचाराच्या ध्वनिफिती ट्विटरवर फिरत होत्या आणि निवडणूक दहा दिवसांवर होती. २० मार्च २०१४ च्या रात्री एर्दोआन सरकारने ट्विटर बंद केले. पण बंदी कच्ची! साइटचे नाव घेऊन तिचा पत्ता सांगणाऱ्या देशी सर्व्हरांना तेवढे खोटे बोलायला लावले होते. लोकांनी गूगलच्या सर्व्हरचा आकडा, ८.८.८.८, इस्तंबूलच्या भिंतींवर रंगवला. फोनच्या सेटिंगमध्ये तो भरला की ट्विटर सुरू! सरकारने पत्तेच अडवले, तेव्हा लोक व्हीपीएनकडे वळले. इकडे कायद्याचे दोन प्राध्यापक आणि एक खासदार संविधान न्यायालयात गेले. २ एप्रिलला न्यायालयाने ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली, दुसऱ्या दिवशी ट्विटर उघडले. यूट्यूब मात्र जूनपर्यंत बंदच होते.