‘ग्रिमथॉर्प’ : पुनर्बांधणीचे एक विस्मृत क्रियापद

माणसांच्या नावांवरून इंग्रजीत आलेली क्रियापदे मी बरीच वर्षे टिपून ठेवत आहे. १८८० मध्ये आयर्लंडमधील कुळांनी कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याला वाळीत टाकले, त्यातून ‘बॉयकॉट’ आले. शेक्सपिअरची सोवळी आवृत्ती काढणाऱ्या टॉमस बाउडलरवरून ‘बाउडलराइझ’ आले. ‘ग्रिमथॉर्प’ हे त्याच कुळातले, पण आता फारसे कानावर न येणारे क्रियापद. त्याचा अर्थ असा : जुन्या वास्तूवर पैसा सढळ हाताने ओतून, पण जाण आणि विवेक न ठेवता तिची पुनर्बांधणी करणे.

या शब्दामागचा माणूस अडाणी नव्हता. एडमंड बेकेट (१८१६–१९०५) हा नामांकित वकील आणि घड्याळशास्त्राचा जाणकार. ‘बिग बेन’ म्हणून आपण ओळखतो त्या लंडनच्या घड्याळाच्या यंत्राची रचना त्याचीच. १८८६ मध्ये तो लॉर्ड ग्रिमथॉर्प झाला.

लंडनच्या उत्तरेस सेंट ऑल्बन्स येथे एक प्राचीन मठमंदिर आहे. १०७७ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा जवळच्या उजाड रोमन नगरीच्या विटा त्यासाठी वापरल्या गेल्या. १८७७ मध्ये त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला, पण इमारत मोडकळीस आलेली होती. तिचे काम पाहणारा वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट १८७८ मध्ये वारला आणि निधीही अपुरा पडू लागला. तेव्हा बेकेट पुढे आला. खर्च त्याचा, आराखडाही त्याचाच. १८८० मध्ये त्याने तशी रीतसर परवानगी मिळवली आणि सुमारे १ लाख ३० हजार पौंड खर्च केले. पश्चिमेची दर्शनी बाजू त्याने नव्याने उभारली. उत्तर आणि दक्षिण टोकांच्या भिंतीही बदलून तेथे आपल्या कल्पनेच्या खिडक्या बसवल्या. पश्चिम प्रवेशद्वारावर पंखधारी संत मॅथ्यूचे शिल्प आहे. त्याला चेहरा बेकेटचाच आहे.

विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. तिची भूमिका साधी होती : गळती थांबवा, भिंतीला टेकू द्या, पण पूर्वी काय असेल याचा अंदाज बांधून नवे जुने म्हणून उभे करू नका. या वादाच्या धगीत ‘ग्रिमथॉर्प’ हे क्रियापद घडले.

ते पूर्णतः न्याय्य आहे का? मला तसे वाटत नाही. त्याच्या पैशाविना ही इमारत आज कोणत्या अवस्थेत असती, हा प्रश्न उरतोच. वास्तू वाचवणारा आणि तिच्यावरील शतकांच्या खुणा पुसणारा हात एकच होता. पैसा देणाऱ्याला निर्णयाचाही अधिकार आपोआप मिळतो का, हा या शब्दातला खरा सल आहे.

नावापासून क्रियापद घडवणे मराठीला परके नाही. हातावरून ‘हाताळणे’, लाथेवरून ‘लाथाडणे’ असे नामधातू आपण रोज वापरतो. वास्तूंना माणसाचे नावही आपण दिले आहे. यादवांचा मंत्री हेमाडपंत तेराव्या शतकातला. पण १०६० चे अंबरनाथचे शिवालयही लोकांच्या तोंडी ‘हेमाडपंती’च असते. बांधणाऱ्याचे श्रेय आपण असे उदारपणे वाटतो. बिघडवणाऱ्यासाठी मात्र आपल्याकडे शब्द नाही. कोरीव दगडावर ऑइलपेंट चढला, फरशी उखडून टाइल्स बसल्या, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लागली, तरी त्याला ‘जीर्णोद्धार’च म्हणतात. ‘उद्धार’ हा शब्द पुण्याचा. त्याला आक्षेप कोण घेणार? गावच्या बैठकीत एखाद्याला “दुरुस्ती करा, पण एवढे नको” असे म्हणायचे असते, तेव्हा तो लगेच धर्मकार्याच्या आड येणारा ठरतो. इंग्रजांना निदान भांडायला एक क्रियापद मिळाले होते. आपल्यालाही ‘दुरुस्ती’ आणि ‘जीर्णोद्धार’ यांतला फरक तरी बोलण्यात काटेकोरपणे पाळता येईल.