परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचे बँक खाते

भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद भागातील आपली मुले आता जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेत शिकायला जातात. घरची मंडळी फीची जुळवाजुळव करतात, पण खात्याची चौकशी तिकीट काढल्यावर सुरू होते. बँकेत आयुष्य गेलेली आम्ही मंडळी पालकांना सांगतो, आधी नाव तपासा.

आपल्याकडे हा घोळ फार. दहावीच्या गुणपत्रिकेवर नावापुढे आद्याक्षरे, आधारवर वडिलांचे नाव, पासबुकात नुसते 'बिरादार'. परदेशातली बँक पासपोर्टवरचेच नाव धरते. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येते आणि पुढे प्रत्येक अर्जात खुलासा करावा लागतो. दुरुस्ती व्हिसाआधीच करावी. जुन्या स्टेट बँक ऑफ हैदराबादचे पासबुक अजून कपाटात असेल तर तेही पाहा; ती बँक 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँकेत विलीन झाली, जुना आयएफएससी देऊ नका.

देशागणिक रीत वेगळी. जर्मनीच्या व्हिसासाठी साधारणपणे येथूनच 'ब्लॉक्ड' खाते उघडतात. सप्टेंबर 2024 पासून त्यात वर्षाचे 11,904 युरो ठेवावे लागतात. युरो 100 रुपये धरला तर बारा लाखांच्या घरात. रक्कम मुलाचीच, पण हाती महिन्याला 992 युरोच पडतात. तिथे पोचल्यावर राहत्या पत्त्याची नोंदणी करून साधे चालू खाते काढायचे, त्यात हा हप्ता येतो. इंग्लंडमध्ये विद्यापीठाकडून बँकेच्या नावे पत्र घ्यावे, पत्त्याचा पुरावा म्हणून ते चालते. व्हिसासाठी पैसे दाखवायचे असतील तर ते सलग 28 दिवस खात्यात हवेत. आई-वडिलांचे खातेही चालते, सोबत जन्मदाखला आणि संमतीपत्र लागते. तुरीची पट्टी आली की भरू, असे इथे जमत नाही.

पैसे पाठवायला गावातली प्रत्येक शाखा चालत नाही. परकीय चलनाचे काम करणारी शाखा कोणती ते आधी विचारा. पॅन आणि ए-2 फॉर्म लागतो. एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. स्वतःच्या पैशातून वर्षात 10 लाखांवर गेल्यास बँक टीसीएस कापते, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवल्यास नाही. कापलेला कर बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो.

शिकायला गेलेला मुलगा फेमा कायद्याने अनिवासी ठरतो, म्हणून त्याचे इथले बचत खाते एनआरओ करून घ्यावे. खाते चालवण्याचा मॅन्डेट वडिलांना द्यावा. इथल्या सिमचे रोमिंग निघण्याआधी सुरू करावे, ओटीपी त्यावरच येतो.

एक गोष्ट मात्र मुलांना स्पष्ट बजावा. 'तुझ्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेवून बाकी पुढे पाठव' असे कोणी म्हणाले, मग तो खोलीतला सोबती असो की आपल्या गावचा, तर साफ नाही म्हणायचे. तो पैसा बहुधा फसवणुकीचा असतो. खाते गोठते, पोलीस चौकशी होते, व्हिसाही धोक्यात येतो. कार्ड आणि पिनही कोणाला द्यायचे नाहीत. असले पैसे खात्यात आलेच तर ते खर्चू नयेत, परस्पर परतही पाठवू नयेत. त्याच दिवशी बँकेला कळवावे आणि घरी फोन करावा.