रत्नागिरीच्या व्यवहारभाषेतील ‘चाकरमानी’

बोलीतील शब्दाचा अर्थ केवळ व्युत्पत्तीवरून ठरवू गेल्यास दिशाभूल कशी होते, याचे ‘चाकरमानी’ हे बोलके उदाहरण आहे. ‘चाकर’ हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ सेवक. त्यावरून चाकरमानी म्हणजे हलक्या दर्जाचा नोकर, असा समज पुष्कळांचा होतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, शासकीय व्यवहारात त्याऐवजी ‘कोकणवासी’ म्हणावे असे निर्देश देण्यात आले, ते याच समजापोटी.

शब्द जेथे रुळला त्या रत्नागिरी जिल्ह्याची स्थिती मात्र ध्यानात घ्यावयास हवी. तेथील बहुतेक गावे खोती होती. कुळाने खोताला पिकाचा वाटा तर द्यावयाचाच, शिवाय वेठही करावयाची. या कचाट्यातून सुटण्याची वाट गावाबाहेर होती. प्रथम ती मुंबई इलाख्याच्या लष्कराकडे गेली. दापोलीच्या छावणीत निवृत्त शिपायांची वस्ती झाली आणि ‘पेन्शन’ हा शब्द घरोघर पोहोचला. १८५६ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढे हीच वाट गिरण्यांकडे वळली. ‘आगबोट’ आणि ‘मनिऑर्डर’ हे शब्द कोकणी माणसाच्या तोंडी बसले ते या वाटेमुळेच. मनिऑर्डरची टपालसेवा १८८० मध्ये सुरू झाली. मुलुखातील किती चुली तिच्यावर पेटल्या, ते सांगावयास नकोच.

अशा समाजात ‘चाकरी’ म्हणजे रोख पगाराचे काम. तिचा विरुद्धार्थी शब्द ‘मालकी’ नव्हे, ‘वेठ’. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने, डॉ. आंबेडकरांनी त्यासाठी विधेयक आणले होते १९३७ मध्येच. तोवर खोताच्या हुकमतीबाहेर रोकड मिळविणारा गडी तो चाकरमानी. शिमग्या-गणपतीला तो गावी उतरला की त्याच्याविषयीच्या बोलण्यात कौतुक असे, हेवा असे, थट्टाही असे. या शब्दाला कडवटपणा कधीच चिकटला नाही असे नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत परतलेल्यांना गावोगावी विलगीकरणात ठेवले, तेव्हा तोच शब्द धास्तीने उच्चारला गेला.

‘कोकणवासी’ या पर्यायाची अडचण निराळीच आहे. तो वास्तव्य दर्शवितो. आणि चाकरमान्याचे वास्तव्य तर कोकणात नसते. गावी राहून शेत कसणारा त्याचा भाऊ कोकणवासी खरा, पण त्याला कोणी चाकरमानी म्हणत नाही.