विषाणूंच्या वाढीचे मोजमाप : एक चक्र, काही तास

एका विषाणूने पेशीत प्रवेश केल्यापासून नवे विषाणू बाहेर पडेपर्यंत किती वेळ लागतो आणि एका पेशीतून किती नवे विषाणू निपजतात, हे मोजण्याच्या पद्धतीस एकचक्री वृद्धी प्रयोग म्हणतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याला दोन-तीन पानांची जागा मिळते. परंतु काही आजारांत रुग्णाला वाचविण्यासाठी हाती किती तास असतात, या प्रश्नाचा एक धागा याच प्रयोगापर्यंत जाऊन पोहोचतो. मराठवाड्याच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. नांदेड जिल्ह्याची सीमा एकीकडे विदर्भातील यवतमाळला, तर दुसरीकडे तेलंगणाला भिडते. आणि या दोन्ही प्रदेशांनी चांदीपुरा विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर अनुभवला आहे.

जीवाणू आणि विषाणू यांच्या वाढीत मूलभूत फरक आहे. जीवाणू दुभंगतो : एकाचे दोन, दोनाचे चार. विषाणू मात्र पेशीत शिरताच सुटा होतो. त्याचे जनुकीय द्रव्य पेशीची यंत्रणा ताब्यात घेते, नवे सुटे भाग तयार होतात, ते जुळविले जातात आणि मग अनेक विषाणू बाहेर पडतात. त्यामुळे विषाणूच्या वाढीचा आलेख सावकाश चढत जात नाही. काही काळ तो आडवा राहतो, मग एकदम उसळतो आणि पुन्हा आडवा होतो. ही एकच पायरी म्हणजे एक चक्र.

हे प्रथम स्पष्टपणे दाखविले एमरी एलिस आणि माक्स डेलब्रुक यांनी, १९३९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे. त्यांनी ई. कोलाय हा जीवाणू व त्याला मारणारा जीवाणुभक्षी विषाणू, म्हणजेच फाज, निवडला. दोहोंना काही मिनिटे एकत्र ठेवून त्यांनी ते मिश्रण अनेक पटींनी विरल केले. खरी युक्ती या विरलीकरणात होती. मिश्रण इतके पातळ झाल्यावर बाहेर पडलेल्या नव्या फाजांना दुसरा जीवाणू सहसा गाठता येत नाही आणि दुसरे चक्र सुरू होत नाही.

यानंतर ठरावीक अंतराने नमुने घेऊन ते जीवाणूंच्या दाट थरावर पसरले जातात. जेथे फाज असेल तेथे जीवाणू मरून स्वच्छ ठिपका उमटतो. त्याला प्लाक म्हणतात. पेशी फुटण्यापूर्वी एका बाधित जीवाणूचा एकच ठिपका पडतो. फुटल्यानंतर सुटलेल्या प्रत्येक फाजाचा स्वतंत्र ठिपका पडतो. समजा, आधी ४० ठिपके होते आणि तेवढ्याच नमुन्यात नंतर २,४०० झाले, तर दर पेशीमागे ६० नवे फाज निपजले. या आकड्यास स्फोटसंख्या, तर आलेख उसळी घेण्यापूर्वीच्या वेळास सुप्तकाल म्हणतात. एलिस व डेलब्रुक यांच्या प्रयोगात ३७ अंश सेल्सिअसला सुप्तकाल सुमारे ३० मिनिटे, तर स्फोटसंख्या सरासरी ६० च्या आसपास आली. या वाटेवरील पुढील कामासाठी डेलब्रुक यांना १९६९ चे नोबेल पारितोषिक साल्वादोर लुरिया व आल्फ्रेड हर्षी यांच्यासमवेत मिळाले.

सुप्तकालात पेशीत काय चालते? ऑगस्ट डोअरमन यांनी बाधित जीवाणू मुदतीपूर्वीच फोडून पाहिले. आरंभीच्या काही मिनिटांत आत एकही संसर्गक्षम विषाणू सापडला नाही! शिरलेला विषाणू सुटा झालेला असतो आणि नवे अद्याप जुळलेले नसतात. या टप्प्याला ग्रहणकाल म्हणतात.

प्राण्यांच्या विषाणूंसाठी हे मोजमाप शक्य झाले ते १९५२ नंतर. त्या वर्षी रेनातो डुल्बेको यांनी प्राणिपेशींच्या थरावर प्लाक मोजण्याची पद्धत दिली. येथे पद्धत थोडी बदलते. सर्व पेशी एकाच वेळी बाधित व्हाव्यात म्हणून दर पेशीमागे ५ ते १० संसर्गक्षम विषाणू दिले जातात. दर पेशीमागे सरासरी एकच विषाणू दिला, तर योगायोगाच्या गणिताने सुमारे ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात. पाच दिले, तर एक टक्क्याहूनही कमी. सुमारे तासाभराने उरलेले विषाणू धुऊन टाकतात आणि मग दर काही तासांनी पेशींतील व बाहेरील द्रवातील विषाणू वेगवेगळे मोजतात.

चांदीपुरा विषाणूची कथा महाराष्ट्रातील आहे. १९६५ साली नागपूरजवळील चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तो वेगळा केला. २००३ साली तत्कालीन आंध्र प्रदेशातील मेंदूज्वराच्या उद्रेकात ३२९ बालकांपैकी १८३ दगावली आणि तपासात हाच विषाणू आढळला. २००७ साली नागपूर विभागात, तर २०२४ साली गुजरातेत तो पुन्हा दिसला. वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या या आजारात अनेक मुले लक्षणे दिसल्यापासून २४ ते ४८ तासांतच दगावतात. पुण्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी पृष्ठवंशीय प्राण्यांच्या व कीटकांच्या पेशींत, तसेच कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यांत या विषाणूची वाढ कालानुरूप मोजून २०१० साली प्रसिद्ध केली. हा ज्या कुळातील आहे, त्या कुळातील विषाणूंचे एक चक्र सामान्यतः अर्ध्या दिवसाच्या आत पुरे होते; सायटोमेगॅलोव्हायरसला त्यासाठी सुमारे तीन दिवस लागतात.

या मोजमापाची जागा अन्य चाचण्या घेऊ शकत नाहीत. २०२० च्या कोरोना साथीत नांदेडजवळील विष्णुपुरी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या व स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत आरटी-पीसीआर तपासण्या झाल्या. ती चाचणी विषाणूचे जनुकीय द्रव्य दाखविते. तो विषाणू जिवंत पेशीला बाधू शकतो काय, हे सांगत नाही. ते प्लाकच सांगतो. घातक विषाणूंवरील काम सुरक्षित प्रयोगशाळेतच करावे लागते. मात्र फाजावर हा प्रयोग पदव्युत्तर विद्यार्थ्याला साध्या साधनांनी एका दिवसात मांडता येतो. ई. कोलायचे फाज सांडपाण्यात सहज सापडतात.

औषधशोधातही याचा उपयोग होतो. चक्राच्या वेगवेगळ्या तासांना औषध घालून पाहिले, की ते प्रवेश अडविते, नक्कल रोखते की जुळणी थांबविते, हे उलगडते. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंवर फाज वापरायचा झाल्यास त्याचा सुप्तकाल व स्फोटसंख्या आधी तपासली जाते.

अर्थात, काचपात्रातील चक्र म्हणजे रुग्णाचे शरीर नव्हे. शरीरात सर्व पेशी एकदम बाधित होत नाहीत आणि प्रतिकारशक्ती मध्ये उभी असते. तरीही आलेखाचा संदेश स्पष्ट आहे. चांदीपुरावर आजही मान्यताप्राप्त लस वा खास औषध नाही. उपचार लक्षणांवरच होतात. अशा आजारात तीव्र ताप, झटके किंवा शुद्ध हरपणे दिसताच मुलाला रुग्णालयात नेणे आणि पावसाळ्यात वाळूमाशीचा बंदोबस्त करणे, हेच हाती उरते. ज्या विषाणूचे चक्र तासांत मोजले जाते, त्याच्यापुढे सकाळपर्यंत वाट पाहणेही महागात पडू शकते.