बुडालेली कंपनी, उरलेली अवजारे : लिनक्सवरील खेळांचा इतिहास

१/ ‘लिनक्सवर खेळ चालत नाहीत’ हा समज दीर्घकाळ रूढ होता. वस्तुतः ‘डूम’ हा गाजलेला खेळ १९९४ मध्येच लिनक्सवर आला होता. खरी अडचण बाजारपेठेची होती. खेळाडू विंडोजवर, म्हणून खेळ विंडोजसाठी. आणि खेळ विंडोजवर, म्हणून खेळाडूही तिथेच.

२/ हे चक्र भेदण्यासाठी १९९८ मध्ये स्कॉट ड्रेकर यांनी कॅलिफोर्नियात ‘लोकी सॉफ्टवेअर’ स्थापन केली. इतरांचे खेळ परवाना घेऊन लिनक्ससाठी घडवायचे व विकायचे, हा तिचा व्यवसाय. परंतु विंडोजची आवृत्ती आधीच बाजारात असे. उतावीळ खेळाडू तीच घेऊन मोकळे होत. जानेवारी २००२ मध्ये लोकी बंद पडली.

३/ तिचे प्रमुख प्रोग्रॅमर सॅम लँटिंगा यांची ‘एसडीएल’ ही मुक्त प्रणाली मात्र टिकली. चित्र, ध्वनी व कळफलक हाताळणारी ही अवजारे पुढे असंख्य खेळांनी वापरली.

४/ दुसरा प्रवाह १९९३ पासूनच्या ‘वाइन’चा. विंडोजच्या आज्ञा लिनक्सला समजतील अशा रूपात मांडणे, हे त्याचे कार्य. त्याच पायावर व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ उभारले आणि २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचे यंत्र विक्रीस आणले.

५/ खेळाडूंची प्रतीक्षा अशी फळाला आली. मात्र त्यावर चालणारे बहुसंख्य खेळ आजही विंडोजसाठीच घडवलेले असतात. खेळ लिनक्सवर आले. खेळ घडवणारे आलेच असे नाही.