सटवाईचा लेख

पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी जे लिहून जाते, ते कोणास वाचता येत नाही, अशी जुनी समजूत आहे. इ. स. १८६६ मध्ये पॅरिसचे शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनी पत्नीच्या घराण्याची वंशावळ प्रसिद्ध केली. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरच्या स्त्रिया स्तनाच्या कर्करोगाने दगावत होत्या. त्याच वर्षी ब्रून येथे मेंडेलचा वाटाण्याच्या आनुवंशिकतेवरील निबंध छापला गेला. या दोन लेखांची सांगड पडावयास सव्वाशे वर्षे लागली.

१९९० साली अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी या रोगाचा धागा सतराव्या गुणसूत्रापर्यंत नेला. १९९४ मध्ये 'बीआरसीए-१' हे जनुक हाती आले. पुढील वर्षी 'बीआरसीए-२'. पेशींतील जनुकद्रव्याची मोडतोड दुरुस्त करणे हे त्यांचे काम. तेच बिघडले की धोका फार वाढतो.

लठ्ठपणाची गोष्ट निराळी. २००७ साली उजेडात आलेला 'एफटीओ' जनुकातील भेद पुष्कळांत आढळतो. तो आईबाप दोघांकडून आल्यास वजन सरासरीने सुमारे तीन किलोंनी अधिक भरते, इतकेच. मात्र ऋतुनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवितो. आणि वजनावर आहारविहाराचीही सत्ता चालते.

बीआरसीएचा दोष पित्याकडूनही येतो. म्हणून मावशीइतकीच आत्याच्या दुखण्याचीही हकीकत वैद्यास सांगितली पाहिजे. जनुकांचा लेख धोका सांगतो, निकाल नव्हे. ब्रोकांच्या सासरच्या स्त्रियांना तो वाचता आला नाही, आज वेळीच वाचता येतो.