पगार आणि पाचारण

मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा धर्मांतरांच्या नोंदींतून लिहिला जातो. मंडळीच्या सेवकाचा दिनक्रम त्यात क्वचितच उमटतो. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि तेव्हाच्या अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत रुजू झाले. त्यांचे अध्यापन, उपदेश, पद्यरचना सर्वज्ञात आहे. त्या सेवेचा भार घराने कसा पेलला, आल्यागेल्याचा आणि तुटपुंज्या पैशाचा मेळ कसा बसला, हे मात्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तूनच कळते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ स्थापला. मिशनवर अवलंबून असलेली मंडळी स्वदेशी कशी होणार, हा त्यामागचा प्रश्न होता. पाचारण टिळकांना आले. संसार लक्ष्मीबाईंनी निभावला. म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मंडळीच्या इतिहासाचे साधन म्हणूनही वाचायला हवे.